सुक्या जवळ्याचा पंचनामा

(किनारपट्टीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवून लिहून काढलं आहे.)



मला विषय दिलाय ‘उन्हाळ्यातली किनाऱ्यालगतची मासेमारी’. मी मासेमारी करत नाही. मी सोलापूरकडची, आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. समुद्र पहिल्यांदा नीट पाहिला तो एम.एस.डब्ल्यू.च्या फील्डवर्कला, तोही डायरीत निरीक्षणं लिहायची म्हणून. त्याला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत जे कळलं ते बायकांकडून कळलं, आणि त्यातलं बरंचसं माझी फजिती होऊनच कळलं. म्हणून फजितीपासूनच सुरुवात करते.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात मी पहिली बैठक बोलावली, मार्च महिन्यात, सकाळी अकरा वाजता. सकाळची कामं आटोपलेली असतील असा माझा हिशेब. आल्या तीन म्हाताऱ्या, त्याही समाजमंदिराच्या सावलीला बसायला. बाकी साऱ्या बंदरावर. मी जरा रागावूनच एका मावशींना विचारलं, की सांगून ठेवलं होतं ना? त्या हसल्या. म्हणाल्या, “बाय, तू घड्याल बगतंस, आमी पानी बगताव.”

त्या दिवशी पौर्णिमा होती. किनाऱ्यावरच्या लहान मुलांनाही येणारं गणित मला दोन पदव्या घेऊन येत नव्हतं. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. पाच-पंचवीस मिनिटं इकडे तिकडे. भरती असली की खाडीच्या तोंडावर पाणी पुरतं, होड्या आत येतात, आणि होडी आली की बायकांनी धक्क्यावर असायलाच हवं. त्याच दिवशी पहाटे साडेपाचला ओहोटी होती, तेव्हा त्यांतल्या निम्म्या खाडीच्या चिखलात तिसऱ्या काढायला उतरल्या होत्या. अंधारात उठून, चिखल तुडवून, घरी येऊन भाकऱ्या थापून त्या बंदरावर उभ्या होत्या, आणि मी वहीत लिहिलं होतं ‘स्त्रियांचा प्रतिसाद अल्प’. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

आता उन्हाळ्याकडे येते. आपल्यातल्या पुष्कळजणींना वाटतं, की मासळीचा हंगाम म्हणजे पावसाळा संपल्यावरचा, नारळी पौर्णिमेनंतरचा. ते खरंच आहे. पण फेब्रुवारी ते मे हे महिने निराळे असतात आणि ते बायकांचे असतात, असं माझं मत झालं आहे.

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं शांत. लहान होड्या त्या वेळी बाहेर पडतात. दुपारकडे वायव्येचा वारा धरतो, पाणी खवळतं, आणि तो वारा वाढायच्या आत परतायचं असतं. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी तापतं. मोठी मासळी किनाऱ्याजवळ राहात नाही, बाहेर आणि खोल जाते. तिच्यामागे मोठ्या बोटी जातात. लहान होडीवाल्याला डिझेल परवडत नाही. त्याच्या वाट्याला उरतो जवळा, करंदी, मांदेली, थोडे बोंबील. हे सगळं डोल जाळ्यात येतं. डोल म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेली लांब पिशवी. मासा जाळ्यामागे नाही, पाणीच माशाला जाळ्यात आणतं. म्हणून डोल उत्तर कोकणात चालते. इथे उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो आणि पाण्याला ओढ असते. मालवणकडे हा फरक साधारण निम्माच, तिथे रापण ओढतात. आणि आमच्याकडेही अष्टमीच्या आसपास भांग असला, पाण्याला ओढ नसली, की डोल बसते.

जवळा ओला विकून फारसे पैसे होत नाहीत, तो टिकत नाही. उन्हाळ्याचं खरं उत्पन्न सुकवण्यात आहे. आणि सुकवणं म्हणजे शंभर टक्के बायकांचं काम. नवरा मासळी धक्क्यावर टाकतो, त्याचं काम तिथे संपतं. पुढचं बाईचं. पुष्कळजणी तर घरच्या होडीचा नव्हे, रोख पैसे मोजून दुसऱ्याच्या होडीचा जवळा घेतात. विधवा, टाकलेल्या, ज्यांच्या घरी होडीच नाही अशा. आमच्या गटातल्या बावीसजणींपैकी नऊजणींकडे होडी नाही. पाच किलो ओला जवळा घेतला तर जेमतेम किलोभर सुका हाती येतो. खाली जुनं जाळं अंथरायचं, जवळा पातळ पसरायचा, उलथायचा, कावळे-कुत्री राखायची. नुसत्या वाळूवर टाकला तर रेतीचा म्हणून भाव पडतो. बोंबलाचं आणखी निराळं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीवर टांगायची, एकेक करून, हजारोंनी. त्या दातांनी बोटांना चिरा पडतात आणि मग त्याच हातांनी मीठ. हे सारं एप्रिल-मेच्या उन्हात, उघड्यावर, आडोसा नाही, संडास नाही. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, का ते तुम्हाला सांगायला नको. लघवीच्या जळजळीची तक्रार गटात प्रत्येकीची आहे. डॉक्टर म्हणतात, पाणी भरपूर प्या.

ही सुकी मासळी विकायची आगोटीच्या बाजारात. पावसाळ्याआधीची कोकणातली बेगमीची खरेदी, तिला आगोट म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळी मे महिन्यात अंड्यांवर येते, पुढे पावसात वीण होते, म्हणून बंदी हवीच. बायकांचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. उलट पिल्लं पकडू नयेत हे त्याच जास्त बोलतात. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, त्याच वर्षी ५४ जातींची कमीत कमी लांबी ठरवून दिली. एक मावशी म्हणाल्या, हे तर आमी कवाचं बोलताव. विचारलं कुनी? एलईडीचे दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरून ते दिवे दिसतात, जत्रेसारखे. पण त्या विषयावर आज गेले तर वेळ पुरणार नाही.

सांगायचं हे, की बंदीच्या दोन महिन्यांत घरात जे शिजतं, मुलांच्या वह्या-पुस्तकांचं जे होतं, ते या सुक्या जवळ्यावर. तो मे महिनाअखेर कोरडा घरात यायला हवा. आणि नेमका तोच मे महिना आता भरवशाचा राहिलेला नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासत वर गेलं. अरबी समुद्र तापतोय आणि वादळं वाढताहेत, हे शास्त्रज्ञ सांगतात. बायका सांगतात, की पूर्वी मे महिन्यात जवळा टाकून निवांत झोप यायची, आता आभाळाकडे डोळा ठेवून झोपावं लागतं. तौक्तेनंतर पंचनामे झाले. मी कागदपत्रं गोळा करायला बायकांबरोबर कचेरीत गेले होते. नमुन्यात रकाने होते: होडी पूर्ण नुकसान, होडी अंशतः नुकसान, जाळी, घर. होडी पुरुषाच्या नावावर, जाळी पुरुषाच्या, घर बहुतेक पुरुषाच्या. पाच पोती जवळा भिजून कुजला त्याचा रकानाच नाही. आमच्या गटातली एक तरुण बाई, नवरा वारलेला, व्याजाने पैसे काढून जवळा घेतलेला, तिने विचारलं, “साहेब, माजं कुठं लिवायचं?” साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, बाई, हा माल झाला, व्यापार झाला, नुकसान मच्छीमाराचं लिहायचं असतं.

मच्छीमार कोण, हा प्रश्न इथे येतो. शेतावर राबणारी बाई शेतकरी आहे की नाही, हे भांडण आपण कितीतरी वर्षं सातबाऱ्यावरून भांडतो आहोत. इथे सातबाराही नाही. समुद्र कोणाच्या नावावर नसतो, होडी असते. डिझेलचा परतावा होडीला, सोसायटीचं सभासदत्व बहुतेक होडीला. समुद्रात जातो तो मच्छीमार. बाई पाण्याच्या काठावर काम करते, आणि काठ कुठल्याच खात्यात बसत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आम्ही गटात वाचून दाखवला. आणि महिन्याभरातच परीक्षा आली. त्या वर्षी मे महिन्याच्या वीस तारखेनंतर कोकणात पाऊस लागला तो थांबलाच नाही, २६ मेला मान्सून मुंबईत दाखल झाला. इतका लवकर तो नोंदींमध्ये कधी आला नव्हता. आगोटीचे शेवटचे दहा दिवस, म्हणजे जेव्हा सर्वात जास्त माल खळ्यात असतो तेच दिवस, पाण्यात गेले. बायकांनी प्लास्टिक टाकलं, घरात पंख्याखाली पसरला, चुलीवर भाजून पाहिला. ओल्या जवळ्याला दोन दिवसांत वास सुटतो. शेवटी खत म्हणून वाडीवाल्यांना दिला.

या वेळी मात्र आम्ही थोड्या शहाण्या होतो. तौक्तेनंतर गटात एक वही सुरू केली होती. कोणी किती किलो ओला जवळा घेतला, कोणाच्या होडीचा, काय भावाने, सुका किती झाला, किती गेला. लिहिता येतं अशा चौघीजणी आहेत, त्या आळीपाळीने लिहितात. सुरुवातीला फार कुरबुर झाली. नवऱ्याला कळेल ना किती पैसे झाले ते! ही भीती खोटी नाही. तीनजणींनी त्या कारणाने नाव काढून घेतलं आणि आम्ही त्यांना आग्रह केला नाही. दोघींच्या नोंदी वहीत टोपणनावाने आहेत, कोणाच्या ते लिहिणारीलाच माहीत. अर्ज करताना ही टोपणनावं अडचणीची होणार हे मला दिसत होतं. तशी झालीच, त्या दोघींचे अर्ज जाऊ शकले नाहीत. यावर उपाय मला अजून सुचलेला नाही, तुमच्यापैकी कोणाला सुचला तर सांगा.

सतराजणींचे अर्ज गेले. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, ज्यांच्या होडीचा जवळा घेतला त्या नाखवांच्या सह्या घेतल्या. दोन नाखवांनी सही नाकारली, एकाने चहा पाजून केली. कचेरीत पुन्हा तोच नमुना होता. त्या तरुण बाईने साहेबांना सांगितलं, रकाना नाही तर ‘इतर’मध्ये लिहा. ‘इतर’ हा रकाना सगळ्यात खाली असतो, अर्ध्या ओळीचा. त्यांनी लिहिलं, ‘सुकी मासळी, वजन सोबतच्या यादीप्रमाणे’. पोच घेतली, तारीख-शिक्क्यासकट. पैसे मिळालेले नाहीत. प्रस्ताव वर गेला आहे एवढंच उत्तर आहे. दर महिन्याला दोघी जाऊन विचारून येतात, एकाच बाईने जायचं नाही असं ठरलं आहे.

बैठक आता अष्टमीला असते, दुपारी तीन वाजता. त्या दिवशी पाण्याला ओढ नसते, डोल बसलेली असते, खाडीही पुरती उघडी पडत नाही. परवाच्या बैठकीला एकोणीसजणी होत्या. विषय होता खळ्याजवळ आडोसा आणि संडास, आणि ग्रामसभेत तो मांडायचा तर ग्रामसभा कुठल्या तिथीला आहे ते आधी पाहायचं. पंचांग मी पिशवीतच ठेवते. पाहिलं तर द्वादशी निघाली. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. ग्रामसभा दहाची. म्हणजे सगळ्या धक्क्यावर असणार. तेव्हा पहिला अर्ज ग्रामसभेची वेळ बदलण्याचा करायचा ठरलं, आणि तो मी सोमवारी घेऊन जाणार आहे.