रात्री उशिरापर्यंत बार : हिशेबाच्या दोन बाजू



बार आणि नाइट क्लब आणखी उशिरापर्यंत उघडे असावेत, अशी मागणी मोठ्या शहरांत अधूनमधून होत असते. आज ना उद्या ती भोपाळमध्येही जोर धरेल, म्हणून आधीच बोलतो आहोत. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. कोणताही विषय आला की जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहायची सवय.

जमेची बाजू आहेच. पिण्याची दारू जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे तिच्यावरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो. वेटर, स्वयंपाकी, रिक्षावाले यांना काम मिळते. आम्ही दारूबंदीवाले नाही. आपल्याही काही घरांत घेणारे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

नावेची बाजू मात्र दुसऱ्याच्याच खात्यावर पडते. १९ मे २०२४ रोजी रात्री अडीचच्या सुमारास पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्श मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो पबमध्ये दारू प्यायला होता. गेलेले दोघेही आपल्याच मध्य प्रदेशचे. आपल्या कितीतरी घरांतील मुले पुण्यात नोकरीला आहेत. ती बातमी कळल्यावर आम्ही चहा बाजूला ठेवून आधी मुलीला फोन लावला. तुमच्यापैकी अनेकांनी तेच केले असेल.

आपल्या इंदूरचे पाहा. आयटी कंपन्यांच्या रात्रपाळीसाठी २०२२ साली बीआरटीएस मार्गावरील दुकाने चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. नशेत फिरणे, भांडणे अशा तक्रारी वाढल्या आणि जुलै २०२४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. उलट ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात पहाटे पाचपर्यंत चालणारे पब २००८ पासून साडेतीनला बंद करायला लावले. तेथील रात्रीच्या मारहाणी सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे अभ्यासात दिसले.

मात्र नुसत्या वेळेने भागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून राज्यातले अहाते बंद झाले. पण तोच माणूस रस्त्याकडेला गाडीत बाटली उघडून बसला, तर त्रासाची फक्त जागा बदलते. म्हणून गस्त हवीच.

इंद्रपुरीत खाली निवृत्त भेलवाले आणि वर भाड्याने राहणारे कॉलेजचे विद्यार्थी, अशी किती तरी घरे आहेत. एकाला झोप हवी, दुसऱ्याला सांभाळणारे कोणी हवे.

तेव्हा आपल्या मागण्या तीनच. वस्तीतील बारची वेळ वाढवू नये. एकवीस वर्षांखालील मुलांना दारू देणाऱ्यावर कारवाई व्हावी. बंद होण्याच्या वेळेला पोलिसांची गस्त असावी.

राज्याचे आबकारी धोरण दरवर्षी १ एप्रिलपासून लागू होते. मार्चअखेरीस जागे होऊन उपयोग नाही, हे बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको. नगरसेवक आणि आमदारांना द्यायचा अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. पक्ष कोणताही असो, जाताना घरटी एक सही करावी, ही विनंती.