गेज बदलतो तिथे माल हरवतो

(तंजावर येथे जमलेल्या मराठी रेल्वे व टपाल कामगार प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



आज सकाळी आपण सगळे मोठ्या देवळात जाऊन आलो. तिथला १८०३ सालचा मराठी शिलालेख आपल्यापैकी पुष्कळांनी पहिल्यांदाच पाहिला. घरापासून इतक्या दूर, तमिळ मुलखात, भोसले कुळाचा इतिहास आपल्या भाषेत भिंतीवर कोरलेला पाहून कोणाचाही ऊर भरून येईल. पण त्याच देवळात त्याहून सुमारे आठशे वर्षे जुने तमिळ लेखही आहेत. राजराजा चोळाच्या काळात देवळाचा पैसा कोणत्या गावच्या सभेला दिला, किती दिला, व्याज किती, हे त्यांत लिहिले आहे. व्याजाचा दर साडेबारा टक्के. देणारा कोण, घेणारा कोण, परत काय करायचे, सारे उघड्यावर आणि दगडावर.

आज आम्हाला बोलायचे आहे ते याच्या उलट गोष्टीबद्दल. पैसा दिसतो, पण त्याला जबाबदार कोण ते दिसत नाही. विषय आहे क्रिप्टो चलनाचा बाजार, बँका आणि मधल्या पेमेंट कंपन्या यांच्यातले भांडण. तुम्ही म्हणाल, मॅट्रिक झालेल्या युनियनच्या सेक्रेटरीला हे कशाला? आम्हीही आधी तसेच म्हणत होतो. दोन बड्यांच्या भांडणात आपण पडू नये, असे वाटायचे. पण दोघांच्या भांडणात पगार अडकला तो आपल्या माणसाचा. म्हणून हा विषय शिकावा लागला.

आमच्या शाखेतला एक ट्रॅकमेंटेनर. उन्हापावसात रूळ तपासणारा, सरळ माणूस. मुलीच्या शिक्षणाची तजवीज म्हणून त्याने पतपेढीतून कर्ज काढले आणि मोबाईलवरून क्रिप्टोची नाणी घेतली. पुढे पैशाची गरज पडली तेव्हा थोडी नाणी विकली. विक्री थेट दुसऱ्या माणसाला, कंपनी फक्त मध्ये. त्याच्या पगाराच्या खात्यात १८ हजार रुपये आले. तीन आठवड्यांनी खाते गोठले. कारण ते १८ हजार परराज्यातल्या कोणा फसवल्या गेलेल्या माणसाचे होते, आणि तिथल्या पोलिसांनी बँकेला कळवले होते. महिनाअखेरीस पगार त्याच गोठलेल्या खात्यात जमा झाला. किराणा उधार, कर्जाचा हप्ता परत, मुलीची फी थकली.

बँक म्हणाली, पोलिसांचा हुकूम आहे. क्रिप्टो कंपनी म्हणाली, व्यवहार तुम्हा दोघांतला, आमचा संबंध नाही. पोलीस ठाणे हजार किलोमीटरवर, फोन उचलत नाही. आमचा माणूस चार वेळा बँकेत गेला, चारही वेळा हात हलवत परत आला.

आणि तो आमच्याकडे कधी आला? दोन महिन्यांनी. का? कारण त्याआधी एका गेट मीटिंगमध्ये आम्हीच दरडावून सांगितले होते की रेल्वे सेवा आचरण नियम १९६६ मधला नियम १६ सट्टेबाजीला मनाई करतो, सापडलात तर युनियन पाठीशी राहणार नाही. टपाल खात्यातल्या साथींना १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम लागू, त्यातही नियम १६ तेच सांगतो. नियम खरा आहे. पण आमचे वाक्य चुकीचे होते. त्या वाक्याच्या धाकाने माणूस गप्प बसला आणि दोन महिने वाया गेले. ही चूक आमची, आणि ती इथे कबूल करूनच पुढे बोलतो.

आता भांडण काय आहे ते समजून घेऊ. आपल्याच धंद्यातला दाखला देतो. मनमाडला पूर्वी एका बाजूला ब्रॉडगेज आणि दुसऱ्या बाजूला निजामाची मीटरगेज होती. एका गेजची वाघीण दुसऱ्या रुळावर चालत नाही. माल उतरवायचा, शेडमधून वाहायचा, पलीकडच्या वाघिणीत भरायचा. जुने लोक सांगत, माल फुटतो, भिजतो, चोरीला जातो तो याच ठिकाणी. आणि मग दोन्ही बाजूंचे बाबू एकमेकांकडे बोट दाखवतात.

रुपया हा एक गेज समजा, क्रिप्टो नाणे हा दुसरा. क्रिप्टो एक्स्चेंज म्हणजे मधली शेड. रुपया शेडपर्यंत येतो तो बँकेच्या रुळावरून, आणि बँकेपासून शेडपर्यंत तो पोचवते ती पेमेंट कंपनी. बँकेने सिग्नल लाल केला की शेड बंद. पण शेडमध्ये आधीच उतरलेल्या मालाचे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

रिझर्व्ह बँकेने २०१३ पासून या नाण्यांबद्दल लोकांना सावध केले होते. मग ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढले. बँकांनी या धंद्याला सेवा देऊ नये, आणि दिलेली असेल तर ३ महिन्यांत थांबवावी. नाणे बाळगणे गुन्हा ठरवला नाही, फक्त रूळ उखडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झेबपे या मोठ्या एक्स्चेंजने भारतातला बाजार बंद केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ मार्च २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते परिपत्रक रद्द केले. न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला अधिकार नाही असे म्हटले नाही. म्हटले ते इतकेच, की या एक्स्चेंजमुळे बँकांचे काही नुकसान झाल्याचे दाखवलेले नाही, तेव्हा चालू धंद्याची नाडी अशी आवळणे प्रमाणाबाहेर आहे.

निकाल लागला, पण बँकांचे मन वळले नाही. काही बँका ग्राहकांना रद्द झालेल्या परिपत्रकाचाच हवाला देत राहिल्या. शेवटी ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला कळवावे लागले की तो हवाला देऊ नका, मात्र ग्राहकाची ओळख आणि काळ्या पैशाविरुद्धचे नियम पाळा. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस ही अमेरिकन कंपनी यूपीआयने पैसे घेऊ म्हणाली. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने जाहीर केले की कोणतेही क्रिप्टो एक्स्चेंज यूपीआय वापरते असे आम्हाला माहीत नाही. काही दिवसांत कंपनीला ती सोय बंद करावी लागली, आणि रिझर्व्ह बँकेकडून अनौपचारिक दबाव आल्याचे तिच्या प्रमुखाने पुढे सांगितले. याला काय म्हणायचे? सिग्नल लाल नाही, हिरवाही नाही, आणि गाडी मात्र उभी.

सरकारने काय केले? १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का कपात. मार्च २०२३ मध्ये या कंपन्यांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणले. कर आला, नोंदणी आली. पण ठेवलेला माल सुरक्षित राहील याची हमी आली नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, टपाल बचतीला सरकारची हमी आहे. क्रिप्टो एक्स्चेंजमधल्या शिलकीला यातले काही नाही.

म्हणतात, क्रिप्टोची वही दगडावरच्या लेखासारखी आहे, कोणाला खोडता येत नाही. असेल. पण एक्स्चेंजमध्ये ठेवलेले तुमचे नाणे त्या दगडावर तुमच्या नावाने नसते. ते असते कंपनीच्या स्वतःच्या वहीत. दगड पक्का असून काय उपयोग, आपले नाव कारकुनाच्या वहीत असेल तर?

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजवर चोरी झाली. २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी गेली. ग्राहकांची नाणी काढणे बंद झाले. ज्यांची नाणी चोरीला गेली नव्हती तेही अडकले. सुटका कुठून झाली? सिंगापूरच्या न्यायालयाने योजना मंजूर केल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे सव्वा वर्ष. आमच्या गँगमधला माणूस सिंगापूरला कसा जाणार? त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने मात्र एका महत्त्वाच्या प्रकरणात सांगितले की क्रिप्टो नाणे ही मालमत्ता आहे, ती विश्वासाने ठेवता येते. आणि चेन्नईच्या बँक खात्यातून पैसे भरणाऱ्या एका महिलेच्या, चोरीला न गेलेल्या नाण्यांना संरक्षण दिले. ही वाट आपल्या उपयोगाची आहे.

आपल्या महाराष्ट्रात तर याहून वाईट झाले. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवून हजारो लोकांना बुडवले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला पकडले. आणि २०२२ मध्ये, तपासात मदतीला घेतलेल्या तज्ज्ञांनाच नाणी वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हेच.

साथींनो, हे नवीन नाही. १९०६ साली मद्रासची आर्बथनॉट कंपनी कोसळली. गोऱ्या साहेबांची पेढी, बुडणार कशी, या विश्वासावर मद्रास इलाख्यातल्या मध्यमवर्गाने आयुष्याची पुंजी तिथे ठेवली होती. मालक सर जॉर्ज आर्बथनॉट यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ठेवीदार मात्र नागवले गेले. त्या धक्क्यातून याच तंजावर जिल्ह्यात जन्मलेले वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर आणि त्यांचे सहकारी पुढे आले आणि १९०७ साली इंडियन बँक उभी राहिली. रडत बसले नाहीत, दुसऱ्याच्या पेढीऐवजी आपली संस्था उभारली. आपल्या पतपेढ्याही याच विचाराच्या.

म्हणून आम्ही कोणा एकाची बाजू घेत नाही. बँकेची सावधगिरी अगदीच खोटी नाही, ती आपल्याच ठेवी सांभाळते. एक्स्चेंजचे म्हणणेही खोटे नाही, न्यायालयाने त्यांना वाट दिली आहे. पण तिघांच्या ओढाताणीत कामगाराचा पगार ओलीस ठेवला जातो, तो आम्हाला मान्य नाही.

आपल्या ट्रॅकमेंटेनरचे पुढे काय झाले? आम्ही तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज पाठवला. सोबत व्यवहाराची नोंद, खात्याचा उतारा, नोकरीचा दाखला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशा प्रकरणांत संपूर्ण खाते न गोठवता वादातल्या रकमेपुरतीच रोख ठेवण्याचा निर्णय दिला आहे. त्यांचा उल्लेख केला. पगार बिल विभागाकडे अर्ज करून पुढचा पगार दुसऱ्या खात्यात वळवला. तीन महिन्यांनी १८ हजारांवरच रोख राहिली, बाकी खाते मोकळे झाले. नाण्यांत बुडालेले मात्र परत आले नाही. पतपेढीचे कर्ज तो अजून फेडतो आहे.

यातून महासंघापुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. पहिली, पगाराचे खाते गोठवताना वादातली रक्कमच रोखावी, आणि गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणे व अधिकाऱ्याचे नाव बँकेने खातेदाराला लेखी द्यावे. दुसरी, रुपया घेणाऱ्या प्रत्येक एक्स्चेंजवर आणि पेमेंट कंपनीवर इथल्याच कायद्याखाली तक्रार ऐकण्याचे बंधन असावे. तिसरी, जो कर्मचारी स्वतः फसला आणि स्वतः येऊन सांगतो, त्याच्यावर नियम १६ चा बडगा उगारू नये. चौथी आपल्या स्वतःकडे, पतपेढीचे कर्ज या बाजारासाठी देऊ नये, आणि प्रत्येक शाखेत एक तरी माणूस हे अर्ज लिहायला तयार करावा.

टपालातल्या साथींना वेगळे सांगायला नको. मनिऑर्डरची पावती हातात असली की म्हातारीला ठाऊक असायचे, पैसा पोचला नाही तर कोणाच्या खिडकीवर जायचे. पैशाच्या कोणत्याही व्यवहारात तोच प्रश्न आधी विचारा, अडला तर कोणाच्या खिडकीवर जायचे? उत्तर मिळत नसेल तर पगाराचा एक रुपयाही तिकडे पाठवू नका.

आणि पाठवून बसला असाल, फसला असाल, तर लाजू नका. त्याच दिवशी १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी शाखेत या. या वेळी आम्ही दरडावणार नाही. खुर्ची देऊ, कागद काढू आणि अर्ज लिहायला बसू.

कामगार एकजुटीचा विजय असो!