‘तोल बरा’ एवढ्यावर भागणार नाही

फिजिओथेरपिस्ट मित्रमैत्रिणींनो,

विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभारले आणि मिरजेला दवाखान्यांचे गाव ही ओळख मिळत गेली. तंतुवाद्यांच्या या गावात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो.

उभे राहतानाच्या तोलाची तपासणी हा विषय आम्ही या संमेलनात आग्रहाने ठेवला आहे. अर्धांगवायूतून सावरणाऱ्या किंवा मधुमेहाने तळपायांची जाणीव गेलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर आजही ‘तोल बरा’ एवढेच दिसते. महिन्याने तो रुग्ण दुसऱ्या थेरपिस्टकडे गेला, तर सुधारणा कशावरून ठरवायची? कॅनडात कॅथरिन बर्ग यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीत १४ कृती आहेत, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. त्यासाठी खुर्ची, घड्याळ, पट्टी आणि एक पायरी पुरते. तालुक्याच्या दवाखान्यातही हे सहज जमावे.

डोळे मिटून उभे राहण्याची रोम्बर्गची चाचणी तर एकोणिसाव्या शतकातली. पायांकडून येणारी जाणीव क्षीण झालेला माणूस नजरेच्या आधाराने उभा असतो. डोळे मिटले की डोलू लागतो. आपल्या रुग्णांची हीच परीक्षा रोज सकाळी मोरीत होते, ओल्या फरशीवर, तोंडाला साबण लावलेला असताना. तिथे सावरायला कोणी नसते. म्हणून ती आधी आपल्यासमोर, आपला हात जवळ असताना व्हायला हवी.

मात्र बर्ग यांच्या श्रेणीत बसणे-उठणे खुर्चीवरचे आहे. भाजी निवडायला जमिनीवर बसणारी आणि कशाचाही आधार न घेता उठू पाहणारी आजी त्या १४ कृतींत नाही. चांगले गुण मिळाले म्हणून तिला निर्धास्त घरी पाठवू नये. गुणांच्या शेजारी जमिनीवरून उठण्याची नोंद वेगळी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक विनंती. तोल तपासताना हात समोर धरून जमेल तेवढे पुढे झुकायला आपण सांगतो. ‘पाऊल हलवू नका’ हे कोणी बजावतो, कोणी नाही. मग दोघांच्या आकड्यांची तुलना होणार कशी? रुग्णाला आपण मराठीत नेमक्या कोणत्या शब्दांत सूचना देता, ते प्रत्येकाने लिहून स्वागत कक्षात द्यावे. समारोपापूर्वी त्यातून एकच सूचनापत्र ठरवू या.