बाळंतिणीचे मरण दैवाने येत नाही
(शहागंज येथील व्याख्यान)



शहागंजच्या ह्या बाजारपेठेत आपण शेतकरी, सुतार, लोहार, चांभार अशी कष्टाची मंडळी जमलो आहोत. आपल्या गोठ्यात म्हैस गाभण राहिली की आपण तिला पेंड घालतो. घरची सून गरोदर राहिली, तर मात्र ती सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते आणि भरल्या पोटी पाण्याचे हंडे वाहते. हा कोठला न्याय?

बाळंतीण गेली की आपण म्हणतो, दैव! तान्हे गेले की म्हणतो, सटवीने कपाळी तेवढेच लिहिले! आम्ही विचारतो, महाराष्ट्रात २००७-०९ साली एक लाख जिवंत जन्मांमागे १०४ माता मरत होत्या. २०१८-२० साली हा आकडा ३३ वर आला. एवढ्या वर्षांत सटवीने आपले अक्षर बदलले काय? नाही. दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली, गाडी वेळेवर मिळू लागली, म्हणून आया वाचल्या. जे मनुष्याच्या यत्नाने कमी होते, ते दैव नव्हे.

मग उरलेल्या का मरतात? २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. अशा बाईला बाळंतपणी रक्तस्राव सोसत नाही. तिचे मूल कमी वजनाचे निपजते, आणि नवजात मुलांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात. मुलीचे नाव हजेरीपटातून लवकर कमी होते, तेव्हा बहुधा लग्न ठरलेले असते, हे आम्ही मास्तर लोक दरसाल पाहतो. कोवळ्या अंगाचे बाळंतपण जिवावर बेतते.

आणखी एक अन्याय पाहा. गिरणीतील बाईस बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून डॉ. आंबेडकर १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले. १९२९ साली कायदा झाला. २०१७ पासून नोकरदार बाईस पगारी रजा २६ आठवडे आहे. पण मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याच्या बाईला? एक खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. ती नवव्या महिन्यातही मोळी उचलते. कर्ज नवऱ्याच्या नावावर, पण ते फिटते तिच्या रक्ताने.

म्हणून घरोघर एवढे करा. अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून मुलीचे लग्न लावू नका. दिवस राहताच आशाताईकडे नाव नोंदवा. गरोदर सुनेचे ताट आधी वाढा. कळा सुरू झाल्या की वडीलधाऱ्यांच्या होकाराची वाट न पाहता १०२ क्रमांकास गाडी मागवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण व गाडी दोन्ही फुकट आहेत. आणि ग्रामसभेत उठून विचारा, उपकेंद्रात नर्सबाई राहते काय? फडावरच्या बाईला रजा केव्हा?

सटवीपुढे कोरा कागद ठेवणे पुरे झाले. त्यावर आपणच लिहू या.