दवाखान्यात दिलेला पत्ता



गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात आरोग्य शिबिर झाले. नोंदणीच्या टेबलावर मी होतो. एक खाला रक्तदाब तपासायला आल्या. नाव सांगितले, पण पत्ता विचारताच थांबल्या. "बेटा, हा कागद पुढे कुठं जातो?" मला उत्तर देता आले नाही. तपासणी न करताच त्या परत गेल्या.

पुढे ब्रिटनमधले एक प्रकरण वाचले, तेव्हा खालांचा प्रश्न किती मोठा आहे ते कळले. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचा गृहखात्याशी एक करार होता. तो जानेवारी २०१७ मध्ये लागू झाला. कागदपत्रांशिवाय राहत असल्याचा संशय असलेल्या स्थलांतरितांचे पत्ते रुग्णांच्या नोंदींतून गृहखात्याला दिले जात. डॉक्टरांनी विरोध केला. भीतीपोटी गरोदर बाई तपासणीला आली नाही, क्षयाचा रुग्ण घरीच राहिला, तर नुकसान सगळ्या वस्तीचे होते. संसदेच्या आरोग्य समितीने करार थांबवायला सांगितले. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था कोर्टात गेली. मे २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. अशी माहिती गंभीर गुन्ह्यांच्या प्रकरणांपुरतीच मागू, असे मान्य केले. त्याच वर्षी करारही मागे घेतला गेला.

बेकायदा राहणाऱ्यांना सरकारने शोधूच नये, असे मी म्हणत नाही. पण उपचारासाठी दिलेला पत्ता पकडण्यासाठी वापरायचा असेल, तर स्पष्ट कायदा हवा, ठोस कारण हवे आणि स्वतंत्र तपासणी हवी.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यात हात घालायचा तर कायदा, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच हस्तक्षेप, या कसोट्या लावल्या. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते. ही फट मोठी आहे. तिच्याबद्दल प्रश्न विचारणे हे नागरिकाचे काम आहे.

हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्तांकडेही कागद कमीच असतात. त्यांच्यासोबत उभे राहून आपण बोललो, तर आपले बोलणे खरे ठरेल.

आणि एक कबुली. त्या शिबिराची यादी, नावे, मोबाइल नंबर आणि आजारांसकट, आम्हीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. चांगल्या हेतूने, पण कोणालाही न विचारता. सरकारकडे बोट दाखवण्याआधी ती मी काढायला लावली.

आता आमच्या फॉर्मवर वरच लिहिलेले असते: माहिती कशासाठी घेतो, कोण पाहील, कधी नष्ट करू. पुढच्या शिबिराआधी मी खालांच्या घरी जाणार आहे. या वेळी माझ्याकडे उत्तर आहे.