पायवाट एक, जनावरं दोन: अलास्कात मूसच्या मागावर

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

तुमच्यापैकी बरेच जण हे लोकलमध्ये नाहीतर बसमध्ये ऐकत असणार, आणि घामाघूम असणार. मी फेअरबँक्समध्ये आहे, अलास्काच्या मधोमध. खिडकीबाहेर उणे एकतीस. आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी मेसेज करून मागितलेला: तिकडची मूसची शिकार म्हणजे नक्की काय असतं, आणि तीसुद्धा भर बर्फात?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. आपल्या जंगलांची अवस्था वेगळी, माणसांची गर्दी वेगळी. इथे चित्र निराळं आहे. अलास्कात पावणेदोन ते दोन लाख मूस आहेत. दर वर्षी साधारण सहा ते आठ हजारांची शिकार होते, तीही परवान्यानं. त्यातून सोळा लाख किलोच्या आसपास मांस लोकांच्या घरात जातं. ज्या गावांना रस्ताच नाही, जिथे दुकानातला माल विमानानं येतो, तिथे हे मांस म्हणजे हिवाळ्याची बेगमी. आपल्याकडे घरात वर्षाचं धान्य भरून ठेवायचे ना, तसं.

मी स्वतः बंदूक चालवत नाही. मी सोबत जातो, ओझं वाहतो, स्लेज ओढतो. ज्यांच्यासोबत जातो ते माझे शेजारी, ग्विचिन समाजाचे, सत्तरीला आलेले. मी त्यांना ‘काका’च म्हणतो. त्याचा अर्थ सांगितल्यावर त्यांना तो शब्द आवडला. नाव सांगू नकोस म्हणालेत, म्हणून सांगत नाही. तिसरा त्यांचा भाचा, स्नोमशीन तोच चालवतो.

आता जनावर कसं ते बघू. मूस हे हरणाच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. आपलं सांबर आठवा, मग त्याला चांगलं दुप्पट करा. नर मोठा असेल तर सातशे किलोच्या वर जातो, मादी साडेतीनशे ते सहाशे किलो. पाय इतके लांब की आपण मांडीपर्यंत रुततो त्या बर्फातून ते रमतगमत जातं. आणि त्याला थंडी वाजते ही कल्पना डोक्यातून काढा. हिवाळी केस अंगावर असताना उणे पाचच्या वर पारा गेला तर त्याला उलट उकडायला लागतं.

सप्टेंबरची शिकार वेगळी असते. तेव्हा माजाचा काळ जवळ आलेला असतो. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नर चालत समोर येतो. डिसेंबरनंतर हे सगळं संपतं. नर कुणाच्या हाकेला येत नाही. डिसेंबर-जानेवारीत त्याची शिंगं गळून पडतात, त्यामुळे लांबून नर कोणता, मादी कोणती हेही कळत नाही. वर दिवस इवलासा. २१ डिसेंबरला इथे सूर्य पावणेचार तासही टिकत नाही. मग हातात उरतो फक्त माग.

तर माग कसा वाचायचा?

पहिला प्रश्न, ताजा की शिळा. ताज्या पावलातला विस्कटलेला बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो. काही तास गेले की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि तो घट्ट होतो. काका काठीचं टोक पावलात खुपसतात. अलगद गेलं तर जनावर जवळपास आहे, टक्क आवाज आला तर ते कालचं.

दुसरा प्रश्न, कुठल्या दिशेनं गेलं. खोल बर्फात पाऊल म्हणजे नुसतं भोक दिसतं. काका हातमोजा काढून भोकात हात घालतात आणि तळाशी खुरांची दोन टोकं चाचपतात. टोकं जिकडे, जनावर तिकडे.

तिसरा प्रश्न, ते काय करत होतं. मूसला वरचे पुढचे दात नसतात. म्हणून त्यानं खाल्लेली विलोची काडी फाटल्यासारखी, दातरी तुटलेली दिसते. सशानं खाल्लेली काडी सुरीनं तिरकी कापल्यासारखी असते. मूसची पावलं झुडपा-झुडपापाशी थांबत असतील तर ते चरतंय, म्हणजे लवकरच रवंथ करायला बसणार. सरळ रेषेत लांब ढांगा असतील तर ते कशाला तरी घाबरून निघालंय. त्याच्या मागे जाऊन दिवस घालवायचा नाही.

आता खरी गंमत ऐका. मला वाटायचं, माग मिळाला की त्यावरून चालत जायचं, संपलं. तसं केलं तर मूस कधीच भेटत नाही. कारण बसायच्या आधी ते मागे वळतं आणि वारा जिकडे वाहतो त्या अंगाला, आपल्याच पायवाटेच्या बाजूला येऊन बसतं. कुणी पायवाटेवरून आलं तर त्याचा वास वाऱ्याबरोबर थेट नाकात. त्याची नजर बेताची, पण नाक आणि कान जबरदस्त.

ग्विचिन लोकांनी यावर तोड काढली आहे. मागावरून चालायचंच नाही. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला माग सोडून उतरायचं, अर्धवर्तुळ घ्यायचं आणि पुढे जाऊन परत मागाला भिडायचं. तिथे पावलं आहेत? मग जनावर अजून पुढे आहे. दुसरं अर्धवर्तुळ घ्या. परत पावलं? तिसरं घ्या. आणि एका वेळी तुम्ही मागाच्या रेषेवर येता आणि तिथे पावलंच नसतात. म्हणजे मूस मागे राहिलं, तुमच्या शेवटच्या वळशाच्या पोटात कुठेतरी बसलंय. आता छोटे छोटे वळसे घेत मागे यायचं, वारा सतत आपल्या तोंडावर ठेवून. रिचर्ड नेल्सन या मानववंशशास्त्रज्ञानं चाल्कित्सिक या ग्विचिन गावात राहून हे सगळं टिपून ठेवलं. त्याचं ‘हंटर्स ऑफ द नॉर्दर्न फॉरेस्ट’ हे पुस्तक १९७३ साली आलं. काकांनी ते वाचलेलं नाही. त्यांना त्यांच्या मामानं शिकवलं.

थंडीबद्दल थोडं. तुम्हाला वाटेल जितकी थंडी जास्त तितकी शिकार अवघड, कारण माणूस गारठतो. ते आहेच, पण खरा त्रास आवाजाचा. उणे चाळीसला वारा पडलेला असतो आणि बर्फ पायाखाली असा करकरतो की पापड मोडतोय. त्यात थंड हवा खाली दरीत साचते आणि वर तुलनेनं उबदार हवेचा थर असतो. त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबपर्यंत पोचतो. म्हणून काका अशा दिवशी घरीच बसतात. त्यांना हवा असतो उणे वीस-पंचवीसचा, वाऱ्याचा दिवस. फांद्या हलतात, त्या आवाजात आपली पावलं लपतात.

बाकी नियम साधे. घाम येऊ द्यायचा नाही, कारण घाम गोठतो. चालताना अंगावर एक कपडा कमी, थांबलं की लगेच वर चढवायचा. एकमेकांच्या नाकाकडे आणि गालाकडे बघत राहायचं. पांढरा ठिपका दिसला की तिथे उबदार तळवा ठेवायचा. बंदुकीचं तेल पुसून कोरडं करायचं, नाहीतर ते घट्ट होतं आणि ऐनवेळी घोडा अडतो. आणि तुमचा लाडका फोन? बाहेरच्या खिशात ठेवलात तर साठ टक्के बॅटरी दाखवत दाखवत बंद पडेल. आतल्या कपड्यात, छातीशी ठेवायचा. जीव वाचवायची भिस्त मात्र त्याच्यावर नाही, खिशातल्या काडेपेटीवर आणि बर्चच्या सालीवर.

आता गेल्या हिवाळ्यातला तो दिवस सांगतो. काकांकडे हिवाळ्यातलं परमिट होतं, बिनशिंगाच्या मूसचं. बिनशिंगाचं म्हणजे मादी, किंवा शिंगं गळलेला नरही चालतो. पण पिल्लू मारायचं नाही आणि पिल्लू सोबत असलेली मादीही मारायची नाही. घरातला फ्रीझर जवळजवळ रिकामा होता. सप्टेंबरात त्यांना काही मिळालं नव्हतं. काकांची बहीण आजारी होती, तिला दुकानातलं मांस जात नव्हतं.

सकाळी अकराला माग मिळाला. ताजा. एकच ओळ, मोठी पावलं, संथ चाल. भाच्याचा चेहरा उजळला. आम्ही वळसे घ्यायला लागलो. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्या वळशानंतर विलोच्या झाडीत काका थांबले आणि खाली बसले. बराच वेळ काड्या बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. वरच्या काड्या तुटलेल्या होत्या, माझ्या डोक्याच्याही वर. आणि खाली, माझ्या छातीशी, आणखी काही तुटलेल्या. झाडीत पावलंही दोन मापांची. जरा पुढे बर्फात बसल्याचे दोन खळगे, एक मोठा आणि त्याला लागून एक लहान.

खोल बर्फात पिल्लू आईच्या पावलात पाऊल टाकून चालतं. आई वाट फोडते, ते मागून येतं. म्हणून पायवाट एक दिसते आणि जनावरं दोन असतात.

पुढच्या टेकाडावरून ती दिसली. ऐंशी-नव्वद मीटरवर, आडवी उभी, एकटी. पिल्लू कुठेच नाही. भाचा कुजबुजला, “मामा, एकटीच आहे.” आणि दिसायला ती एकटीच होती. कुणी विचारलं असतं तर आम्ही तिघंही शपथेवर सांगू शकलो असतो की पिल्लू दिसलं नाही. उजेड जेमतेम तासाभराचा उरला होता. काकांनी बंदूक खांद्याला लावलीच नाही. म्हणाले, “डोळ्यांना एक दिसतंय. बर्फानं दोन सांगितलीत.” आणि वळले.

परत येताना भाचा गप्प होता. चिडला होता, आणि त्याचं चिडणं मला कळत होतं. घरी आजारी माणूस आहे आणि समोर चारेक महिन्यांचं मांस उभं होतं. स्नोमशीनपाशी काका एवढंच बोलले, की २०२१ च्या डिसेंबरात बर्फावर पाऊस पडला होता, आठवतं? तेव्हा इथे बर्फाच्या मधोमध काचेसारखा कडक थर झाला आणि वसंतापर्यंत राहिला. चालताना मूसचे पाय कापले जायचे, पुष्कळ मेले. आई नसलेल्या पिल्लाला साधा हिवाळासुद्धा तसाच जातो. पिल्लू जवळजवळ वर्षाचं होईपर्यंत आईसोबत राहतं. तिला मारलं तर एका परमिटवर दोन जनावरं जातात, आणि दुसरं कुणाच्याच पोटात जात नाही.

नऊ दिवसांनी वाऱ्याचा दिवस मिळाला. नवा माग. या वेळी काका प्रत्येक झाडीपाशी काड्या बघत गेले, एकच उंची. बसल्याचा खळगा एकच. पाचव्या वळशानंतर मागाची रेषा रिकामी निघाली. आम्ही मागे आलो, आणि ती साठ मीटरवर बसलेली होती, तोंड पायवाटेकडे, पाठ आमच्याकडे. काकांनी ती उठेपर्यंत वाट पाहिली. एक गोळी.

त्यानंतरचं काम कुणी व्हिडिओत दाखवत नाही. तीन तास. कातडं लगेच काढावं लागतं, नाहीतर ते पत्र्यासारखं गोठतं. आणि कातड्याखाली मात्र उलटं होतं, हाडाजवळचं मांस इतकं गरम राहतं की भर थंडीतही नासू शकतं. हात बधिर झाले की आम्ही ते जनावराच्या पोटात घालून शेकत होतो. फरे, बरगड्या, मान, पाठीचं मांस, सगळं न्यायचं. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं इथे गुन्हा आहे. शेवटची स्लेज ओढली तेव्हा गडद अंधार होता.

दुसऱ्या दिवशी पहिला वाटा काकांच्या बहिणीला गेला, मग गल्लीतल्या म्हाताऱ्यांना, मग आम्हाला. मी माझ्या वाट्याचा कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. भाचा तीनदा वाढून घेऊन गेला. काका म्हणाले, चांगलं आहे, पण मांसाची चव कुठे लपवलीस?

एक सांगतो. त्या पहिल्या दिवशी तिथे कुणी अधिकारी नव्हता, कॅमेरा नव्हता. खालच्या चार तुटक्या काड्या होत्या, आणि त्या वाचता येणारा एकच माणूस होता. वाचता आलं की मग ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. काकांनी ती घेतलीही नाही.

तर मंडळी, तुमच्या भागात माग वाचणारं कुणी आहे का? वनरक्षक, धनगर, कातकरी, गावातले कुणी आजोबा? त्यांच्याकडून शिकलेली एक तरी खूण मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढचा भाग त्यांवरच करू. फोन छातीशी ठेवा, भेटू.