गहाण पडलेले नाव

व्यापारचिन्ह परवान्याने दुसऱ्यास वापरू देता येते, विकताही येते. १९९९ च्या कायद्याने तर धंद्याच्या नावलौकिकावाचूनही ते हस्तांतरित करण्याची मुभा दिली आहे. पण श्रोतेहो, नावलौकिक गेल्यावर उरलेल्या चिन्हाला गिऱ्हाईक कोठून मिळावे? बंगळूरच्या मल्ल्यांच्या किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. तिची चिन्हे बँकांकडे तारण होती. एकेकाळी त्यांचे मूल्य चार हजार कोटी रुपयांहून अधिक ठरले होते! ३० एप्रिल २०१६ रोजी ३६६.७० कोटींच्या किमान किमतीने ती लिलावात निघाली. एकही बोली आली नाही. बिअरच्या बाटलीवरचा खंड्या तेव्हाही उत्तम खपत होता. परंतु तो युनायटेड ब्रूअरीजचा, या तारणाबाहेरचा.